उभ्या धाग्याचे काका

माझ्या संसारातली पहिली शिवण एका परक्या पुरुषाने उसवली.

ऐकायला कसंसंच वाटतं, पण झालं तसंच. इकडच्या स्वारीची ठाण्याच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही तळ्यापलीकडच्या आळीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडायची घरमालकांच्या अंगणात. मी नवी नवरी. चुलीपुढे बसले की अंगणातून जाणारा येणारा थेट आत बघायचा. म्हणून माहेरून आणलेला फुलाफुलांच्या चिटाचा तुकडा काढला, कात्री चालवली आणि पडदा शिवला. खाली झालर लावली. दोरीत ओवून टांगला आणि कौतुकाने बघत उभी राहिले. एक कोपरा जरासा खाली लोंबत होता, पण म्हटलं, जाऊ दे मेलं, कोण बघतंय!

तोच अंगणातून खणखणीत आवाज आला, "अहो, ऐकलंत का? मास्तरांच्या बिऱ्हाडात विचारून या, तो पडदा कुणी कापला!"

थोड्या वेळाने घरमालकांची बायको दारात. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. गोऱ्यापान, ठेंगण्या, आणि बोलताना अर्धं हसू ओठात धरून ठेवायच्या. म्हणाल्या, "रागावू नका हं. आमच्या घरात देव्हाऱ्यात देव आहेत आणि ओटीवर एक वेड आहे. तो पडदा द्या काढून. नाही दिलात तर आज हे जेवायचे नाहीत."

दिला. काय करते! संध्याकाळी परत आला तो उसवून, धुऊन, वाळवून. माझी झालर वेगळी, पडदा वेगळा. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. काकूंनी हाताला धरून मला पडवीत नेलं. तिथे घरमालक, म्हणजे काका, खांबाकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या तरण्या सुनेशी समोरासमोर बोलायचं कसं, म्हणून त्यांनी तोड काढली होती. ते खांबाशी बोलले.

"खांबा, ऐक. कापडात धागे दोन. मागावर आधी ताणून बसवतात तो उभा. मग त्यातून आरपार विणत जातात तो आडवा. उभा दमाचा, ताण सोसणारा. आडवा त्याहून थोडा सैल. आणि कापड कोपऱ्यातून तिरकं ओढलंस, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसं, तर ते हवं तेवढं लांबतं. खिडकी असो नाहीतर अंग असो, उंचीच्या बाजूने उभा धागा खाली आला पाहिजे. तुझी शेजारीण डोळ्यांनी कापत गेली. डोळ्यांना फुलं दिसली. धागा कुणी बघायचा?"

मग सुईच्या टोकाने त्यांनी चिटातला एकच आडवा धागा उचलला आणि अलगद ओढत नेला. धागा निघाला तिथे कापडात एक बारीक रेघ उमटली, या काठापासून त्या काठापर्यंत. "या रेघेवर कात्री चालवायची. कात्रीला अक्कल नसते, ती आपण द्यायची." एवढं सांगून ते उठून गेले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले आणि पुढे कितीतरी महिने माझा गुरू खांबाशी बोलत राहिला. मी काही विचारलं की ते खांबाला म्हणायचे, "प्रश्न चांगला आहे रे तुझा." एकदा मी आणि काकू हसून हसून मुरकुंडी वळून पडलो, तरी काकांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

काका ब्राह्मण, कचेरीत अव्वल कारकून, घरी अग्निहोत्र्यांचं कूळ. आणि हातात कात्री! गावाला आयतंच खाद्य मिळालं होतं. कुणी त्यांना शिंपीबुवा म्हणे, कुणी उभे धागे. "काय उभे धागे, कुठे निघालात?" असं भर रस्त्यात विचारत. काकांना त्याचा राग नव्हता. उलट थांबून ते त्या माणसाच्याच उपरण्याचं टोक धरायचे, दोन हातांत ताणून कानाशी झटका द्यायचे आणि म्हणायचे, "हं, हा उभा. टण्ण वाजतो. आडवा भद्द वाजतो. ऐका, ऐका!" थट्टा करायला आलेला माणूस स्वतःचं उपरणं सोडवून घेत पळायचा.

तळ्याकाठच्या देवळात एकदा कीर्तन होतं. बुवा भिवंडीकडचे, मोठे गाजलेले. आख्यान अगदी भरात आलं, बायका पदराने डोळे टिपायला लागल्या, बुवांनी हात पसरले, खांद्यावरचं उपरणं सळकन घसरून खाली लोंबलं. आणि पहिल्या रांगेतून काका कळवळून ओरडले, "अरेरे! तिरकं फाडलंय हो!" सगळं देऊळ हसलं. बुवांचं रडवणारं आख्यान तिथेच बसलं. घरी आल्यावर काकूंनी काकांशी अबोला धरला. काका मला, म्हणजे खांबाला, म्हणाले, "मी मनातल्या मनात बोललो होतो रे. तोंड कसं उघडलं कोण जाणे."

त्यांना हरवलं ते फक्त एका बाईने. कोलशेतच्या बाजूची एक आगरीण डोक्यावर पाटी घेऊन आमच्या आळीत मीठ आणि भाजी विकायला यायची. काळीसावळी, काटक, तोंडाची फटकळ. तिच्या लुगड्याला खांद्याशी ठिगळ होतं. काकांनी ते ओटीवरून पाहिलं आणि झालं! लुगड्याचा धागा उभा आणि ठिगळाचा आडवा, दोन्ही एकमेकांना ओढणार, कापड तिथेच पुन्हा फाटणार, असं सगळं व्याख्यान तिला उन्हात उभं करून ऐकवलं. बाईने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. "भटा, ठिगल उभा लाव नायतं आरवा लाव, थंडी वाजाची थांबली म्हंजे झाला! तुजा धागा तू ठेव, माना मिठाचा सांग, घेतंस क नाय?"

काका बघतच राहिले. मग इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. पुढे कचेरीतून येणाऱ्या जाणाऱ्याला ते हौसेने सांगायचे, "मला कुणी हरवलं असेल तर त्या बाईने. कापड कशासाठी असतं तेच मी विसरलो होतो." त्यानंतर ती बाई आली की मीठ तिच्याकडूनच घ्यायचं असा दंडक पडला, आणि तिचं ठिगळ मात्र काकूंनी एका दुपारी पुन्हा उभ्या धाग्याने लावून दिलं. कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

खाडीकडच्या बंगल्यातल्या साहेबाची गोष्ट काकू रंगवून सांगायच्या. काका कागद घेऊन सहीसाठी बंगल्यावर गेले. दिवाणखान्याच्या खिडक्यांना नवे पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, आणि पट्टे सगळे जमिनीकडे जाता जाता पूर्वेकडे कललेले. साहेब "येस?" म्हणतोय आणि हे खिडकीकडे बघत उभे. शेवटी साहेबाने चिडून विचारलं, तेव्हा यांनी कचेरीच्या इंग्रजीत सांगून टाकलं की हे पडदे असेच राहिले तर माझ्याच्याने कागद वाचवणार नाही. साहेब लाल झाला. पण आतून त्याची मड्डम धावत आली. ती म्हणे महिनाभर तेच सांगत होती आणि साहेब तिला म्हणत होता, तुला भास होतो! मग काय, पगडी टेबलावर, काका खुर्चीवर, मड्डम खाली टाचण्या घेऊन. पडदे उतरले. गिरणीचं कापड खळ घालून, दाबून, वेडंवाकडं घडी केलेलं असतं. ते आधी भिजवायचं, मग दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढायचं, की धागे आपल्या जागी येतात. साहेबाला एका कोपऱ्याशी उभं केलं. त्याने निमूट ओढलं.

"आणि सही?" मी विचारायची.

"सही राहिलीच!" काकू म्हणायच्या. "वरच्या अंमलदाराने फैलावर घेतलं, तर हे त्याला म्हणतात, पण पट्टे सरळ झाले!"

तसं ओढणं आमच्या अंगणात नेहमी चाले. नवं कापड आलं की दुपारी काका एका कोपऱ्याला, काकू समोरच्या. "ओढा! सोडा! ओढा!" भांडण झालेलं असलं की काकू ऐन ओढीत आपला कोपरा सोडून द्यायच्या आणि काका धप्पदिशी मागे बसायचे. उठून धोतर झटकत म्हणायचे, "बरं, चूक माझी. आता धरा." त्यांच्या घरातली भांडणं अशी मिटत.

काकांची काही वाक्यं आमच्याही घरात रुळली. "यंत्र शिवतं, बेतत नाही," हे शिंप्याकडे पहिलं शिवणयंत्र आलं तेव्हाचं. आणि दुसरं, "खळीचं कापड आणि सोयरिकीला आलेली माणसं, पाण्यात पडल्याशिवाय कळत नाहीत." हे दुसरं वाक्य ते हसत म्हणायचे, पण त्यात त्यांचा जीव अडकलेला होता. कारण त्यांच्या घरात लग्नाची मुलगी होती.

गोदू. काका-काकूंची एकुलती एक. एवढीशी असताना मोठ्या तापातून वाचली, पण उठली ती डावा खांदा खाली घेऊनच. पाठीचा कणाही जरा त्या बाजूला वळलेला. बाकी पोर म्हणजे वारं! चिंचेवर चढायची, विहिरीवर काकूंच्या आधी पोचायची, माझ्या खिडकीतून डोकं घालून "वहिनी, काय शिजतंय?" विचारायची. अकरावं सरत आलं होतं. त्या काळी म्हणजे घोडनवरी झालीच म्हणायची. दोन ठिकाणची माणसं येऊन, बघून, गूळपाणी घेऊन गेली होती आणि "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला होता. पत्रिका काय जुळत नव्हती ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

म्हणून तर काका शिवण शिकले, असं गाव म्हणायचं. मुलीचं व्यंग झाकायला बापाने कात्री धरली. हे ऐकून मलाही वाटायचं, खरंच असणार. दुसरं काय असेल? काकूही तसंच समजत होत्या. फक्त एक गोष्ट मला कळत नसे. शिंपी माप घेतो तेव्हा सांगतो, सरळ उभी राहा, हलू नको. काका गोदूचं माप असं कधीच घेत नसत. ते तिला म्हणायचे, "जा, पाणी ओढून ये." नाहीतर "झोक्यावर बस." आणि आपण ओटीवर बसून बघायचे, हात वर गेला की कापड कुठे ओढतं, वाकली की कुठे चुरगळतं. मग तिच्या डाव्या बाजूचा तुकडा ते वेगळा बेतायचे. तिरका नाही. खांदा जितका खाली, तितकी खांद्यावरची शिवण खाली, पण उभा धागा मात्र सरळ जमिनीकडे. तिच्या अंगातल्या पोलक्याला एक सुरकुती नसे. खांदा खाली आहे हे त्यात दिसायचं. लपायचं नाही. झाकायला शिकलेला माणूस झाकत का नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं.

मग कल्याणचं स्थळ आलं. घर तालेवार, मुलगा वकिलीच्या परीक्षेला बसलेला, स्वभावाने निर्मळ. आई नव्हती. थोरल्या आत्याने वाढवलेला. या आत्याबाईंचा दरारा पनवेलपर्यंत. लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं, कमरेत किल्ल्यांचा जुडगा, आणि जीभ अशी की कल्याणचे भटजी त्यांच्यापुढे मंत्र चुकत. चार मुली त्यांनी नाकारल्या होत्या. एकीला म्हणे हळू चालते म्हणून आणि दुसरीला भरभर चालते म्हणून!

काकू काकांसमोर बसल्या. मी पलीकडे तांदूळ निवडत होते.

"एक दिवस," काकू म्हणाल्या. "एकच दिवस तिचा खांदा वर दिसू दे. तुमच्या हातात आहे ते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. एकदा अक्षता पडल्या की कोण काय करणार आहे?"

"आणि मग?"

"मग ती दिल्या घरी सुखी राहील. इथे राहून काय? आपल्यामागे हिला कोण आहे सांगा. लोक तिला दारात उभं करतील? तुम्ही तुमचे धागे मोजत बसा, आणि पोर माझी ..." पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. काकूंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

काका बराच वेळ खांबाकडे बघत होते. या वेळी मात्र ते खांबाशी काही बोलले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

ते पोलकं मी त्यांना बेतताना पाहिलं. जांभळं, एकरंगी कापड, कारण पट्टे चुगली करतात. डाव्या खांद्यात कापसाची वळी, पाठीला दुहेरी तुकडा, आणि तो मुद्दाम उरेब कापून असा काही ताणून बसवला की वळलेली पाठ सपाट व्हावी. आयुष्यभर तिरक्या धाग्याला शिव्या घालणाऱ्या माणसाने त्याच धाग्याकडून खोटं काम करून घेतलं. काय सफाई होती त्यात! गोदूने ते घातलं आणि आम्ही दोघी थक्क झालो. खांदे अगदी एका रेषेत. काकूंनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

"काखेत काचतंय," गोदू म्हणाली.

"थोडा वेळ कळ काढ गं बाळ," काकू म्हणाल्या. काका तिथून उठून गेले.

ठरल्या दिवशी दुपारी कल्याणची मंडळी आगगाडीने आली. मुलाचे वडील, एक पोक्त भटजी आणि आत्याबाई. ओटीवर सतरंजी, पाट, पानाचं तबक. मी आणि काकू माजघराच्या दाराआड. गोदू जांभळ्या पोलक्यात पाटावर बसली आणि हातही हलवेना. नाव विचारलं, हळूच सांगितलं. स्तोत्र म्हणायला लावलं, खाली मान घालून म्हटलं. नमस्कार करायला वाकली ती लाकडासारखी, सबंध एका तुकड्याने, आणि उठताना ओठ दाताखाली धरलेला. चिंचेवरची आमची गोदू ती हीच का, असं मला झालं.

आत्याबाई मात्र खूष. "बाई बाई, किती शांत मुलगी! हलतसुद्धा नाही. हल्लीच्या मुली म्हणजे काय तो थिल्लरपणा! ही अगदी गरीब गाय आहे हो." भावाकडे वळून म्हणाल्या, "आपल्याला हेच हवं होतं. नारळ घे."

मुलाच्या वडिलांनी तबकातल्या नारळाला हात घातला. काकूंनी दाराआड माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"थांबा," काका म्हणाले.

सगळे थांबले.

"ती गरीब नाही. तिला काचतंय." काकांचा आवाज चिरकला. "गोदू, आत जा. रोजचं पोलकं घालून ये."

काकू मटकन खाली बसल्या. गोदूने एकदा बापाकडे पाहिलं आणि आत धावली. तिच्या पाठीचे बंद मीच सोडले. काखेत लालभडक वळ उठला होता, कापसाच्या वळीखाली कातडी सोललेली. आणि ही पोर तेवढा वेळ एका जागी बसली होती!

बाहेर मुलाच्या वडिलांचा आवाज चढला होता. "हा काय प्रकार आहे?"

"मुलीचा डावा खांदा खाली आहे. कणा थोडा वळलाय. मी कापूस भरून सरळ दाखवला."

"म्हणजे आम्हाला फसवत होता!"

"होय."

"आम्ही कल्याणला ऐकलंच होतं, की मुलीचं व्यंग झाकायला तुम्ही शिंप्याचा धंदा शिकलात म्हणून!"

"त्यासाठी नाही हो शिकलो!" काका ओरडले. मग हळू बोलायला लागले, आणि या वेळी खांबाकडे न बघता सरळ माणसांकडे बघून. "शिंपी दोन्ही बाजू सारख्या कापायचे. तिच्या खांद्याला ते कापड ओढायचं. लहान होती, रोज संध्याकाळी रडत यायची, तिची आई हळद लावायची. चार शिंपी केले. ते म्हणायचे, मुलीला सरळ उभं राहायला शिकवा. म्हणून मी शिकलो. तिला टोचू नये म्हणून. झाकायला आज पहिल्यांदा शिवलं. फार छान जमलं, आणि ते मला बघवलं नाही. तुम्ही नारळ दिला असता, तर जन्मभर तिला असंच बसावं लागलं असतं. आता तुम्ही जायचं असेल तर जा. दोष माझा आहे, मुलीचा नाही."

माझ्या शेजारी काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, पण त्यांनाही हे आज कळलं असावं. डोळ्यांतून नुसत्या धारा.

गोदू बाहेर आली ती नेहमीसारखी, पायातले वाळे वाजवत. विटलेलं हिरवं पोलकं, खांदा जिथे होता तिथे. पुन्हा नमस्कार करायला सांगावं लागलं नाही, आपणहून झुकली आणि वेतासारखी वर आली. मग आत्याबाईंकडे बघून हसली. अगं, हसली! दाखवायला बसलेल्या मुलीने हसायचं नसतं हे ती पार विसरली.

मुलाच्या वडिलांनी पगडी उचलली होती. भटजी चपला शोधायला निघाले होते. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"इकडे ये गं," त्या म्हणाल्या. गोदू जवळ गेली. आत्याबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, खाली उतरलेली शिवण बोटाने चाचपली, तिला हात वर करायला लावला, पुन्हा खाली. मग हलक्या आवाजात विचारलं, "दुखतं का?"

"यात नाही दुखत."

आत्याबाई न वळताच भावावर खेकसल्या, "पगडी ठेव खाली. कुठे आग लागलीय?" आणि काकांना म्हणाल्या, "नारळाचं नंतर बघू. आधी मला हे सांगा, हे बेतता कसं? आमच्या कल्याणचा शिंपी मेला सगळ्यांना एकाच मापाचा वरवंटा समजतो. पोर आमच्याकडे यायची, दिवाळी-दसऱ्याला तिला नवं लागायचं. तेव्हा काय दर वेळी ठाण्याला पाठवू? मला शिकवा."

ज्या माणसाने वाटसरूंना, कीर्तनकाराला, साहेबाला, मीठवालीला न विचारता धडे दिले, त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी आपण होऊन "शिकवा" म्हणत होतं. काकांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग उपरणं डोळ्यांना लावून ते भर मंडळींत हमसाहमशी रडायला लागले.

तेव्हा माझ्या शेजारच्या काकू उठल्या. ज्या बाईने परपुरुषांसमोर आजवर उंबरा ओलांडला नव्हता, ती पदर खोचून, कात्री आणि कापडाचा एक तागा घेऊन तडक ओटीवर गेली. आत्याबाईंच्या पुढ्यात बसकण मारली आणि कापड पसरलं.

"बसा अशा जवळ," त्या म्हणाल्या. "यांचं आवरेस्तोवर मी दाखवते."